दावेबाईंचे 'हे'

दावेबाईंना नवरा मिळाला तो कचेरीच्या खर्चाने. म्हणजे लग्न वगैरे काही झालं नाही. विमा कंपनीने कर्मचाऱ्यांच्या मनातली संगणकाची भीती घालवायला एक प्रशिक्षण ठेवलं होतं आणि त्याच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाने स्वतःचा ब्लॉग उघडायचा असं ठरलं होतं. का उघडायचा ते प्रशिक्षकालाही ठाऊक नव्हतं. वरून आलेल्या परिपत्रकात होतं, म्हणून उघडायचा. त्याला एक नाव द्या, 'माझं घर' या विषयावर एक परिच्छेद लिहा आणि प्रमाणपत्र घेऊन जा.

बाईंचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि ते तिथून सहसा बाहेर पडत नसे. मृत्यूच्या दाव्यांची खिडकी त्या सांभाळत, म्हणून सगळ्या कचेरीच्या त्या दावेबाई. कुणी गेलं की घरचे लोक शोधत येत ती त्यांची खिडकी. मृत्यूचा दाखला, ओळखीचा पुरावा आणि नातं सिद्ध करणारा कागद, एवढं पुढ्यात आल्याशिवाय दावेबाईंच्या लेखी कुणी मेलेलं नसे. सख्खे मामा गेल्याचा फोन आला तेव्हासुद्धा त्यांच्या तोंडून आधी "दाखला मिळाला का?" हेच बाहेर पडलं होतं. मामेभाऊ त्यानंतर त्यांच्याशी बोललेला नाही.

'माझं घर' हा मथळा टाकून दावेबाई बराच वेळ पडद्याकडे बघत बसल्या. घर होतं, नाही असं नाही. दोन खोल्या, एक गॅलरी, गॅलरीत दोरी, दोरीवर एका माणसाचे कपडे. विषय संपला. शेजारच्या खुर्चीवर कॅशियरबाई खटाखट पान भरत होत्या आणि ते सगळं पान नवऱ्याबद्दल होतं. नवरा गॅस चालू ठेवतो, नवरा फोन उचलत नाही, नवऱ्याच्या बहिणी तशाच. प्रशिक्षक एकेकाचं लिखाण बघत जवळ येत चालला, तशी दावेबाईंची बोटं आपसूक हलली. 'आमच्याकडचे ओला टॉवेल पलंगावर टाकतात. सांगून सांगून मी थकले.' प्रशिक्षकाने वाचलं, "छान, घरगुती आहे," म्हणाला आणि प्रमाणपत्रावर सही केली. नाव उघड करायचं नसेल तर 'एक गृहिणी' म्हणा, हेही त्यानेच सुचवलं. ब्लॉगचं नाव पडलं 'आमच्याकडचे'.

आता एवढ्यावर भागायला हवं होतं. पण इथे दुपारच्या डब्याच्या टेबलाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कचेरीतल्या बायका दुपारी एका लांब टेबलाशी बसत आणि त्या टेबलावर डब्यांच्या आधी नवरे उघडत. प्रत्येकीचा नवरा रोज थोडा थोडा वाढला जाई. टायपिस्टच्या नवऱ्याचा आळस, कॅशियरबाईंच्या नवऱ्याचा हट्ट, कुणाच्या नवऱ्याची आई. दावेबाई कोपऱ्यात बसून मन लावून ऐकत आणि कधी धीर करून मध्ये काही बोलल्याच, तर कॅशियरबाई त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणत, "तू सुटलीस बघ. तुला नाही कळायचं हे." चेष्टेने नव्हे, अगदी मायेने. मायेने म्हटलेलं जास्त लागतं, कारण त्यावर रागावताही येत नाही.

म्हणून त्या संध्याकाळी घरी आल्यावर दावेबाईंनी चहा केला, फोन हातात घेतला आणि पलंगावरचा टॉवेल उचलला. ब्लॉगवरचा. पलंगावर काही नव्हतं.

लिहायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की नवऱ्याला नुसता टॉवेल पुरत नाही, सवयी लागतात. आणि दावेबाईंनी आयुष्यात रोज, जवळून, वर्षानुवर्षं पाहिलेला पुरुष एकच होता, तो म्हणजे विभागाचे साहेब. साहेबांची काचेची केबिन खिडकीच्या बरोबर समोर. तेव्हा साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून टेबलभर चष्मा शोधला, की संध्याकाळी 'आमच्याकडचे' चष्मा शोधत. साहेब बिनसाखरेचा चहा घेत, तरी तो चमच्याने बराच वेळ ढवळत. 'आमच्याकडचे'ही ढवळू लागले. साहेब कशालाही नाही म्हणायचं असलं की "बघू" म्हणत आणि शिंक आली की दुसऱ्याच कुणाला आल्यासारखे मागे वळून बघत. घोरणं तेवढं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून, छतातून ऐकू येई तसं घेतलं होतं. यात वाईट हेतू नव्हता. घर लावताना माणूस जवळच्या दुकानातूनच सामान आणतो.

असं महिना दोन महिने चाललं. मग एका संध्याकाळी मजकुराखाली कुणा अनोळखी बाईची ओळ आली, 'अगदी आमच्यासारखेच हो.' बस्स, एवढीच. पण दावेबाईंना कुणी दार वाजवून आत आल्यासारखं वाटलं. त्यांनी उठून गॅलरीतला दिवाही लावला. मग विचार करून करून उत्तर लिहिलं, 'हो का?'

त्यानंतर लोक येतच गेले. घोरण्याबद्दल एका डॉक्टरांनी लिहिलं, की त्यांना कुशीवर झोपवा आणि नाकाचं हाड एकदा दाखवून घ्या. एका प्लंबरने टॉवेलसाठी दारामागे खुंटी कुठे ठोकायची याचं चित्र काढून पाठवलं. चार मुलग्यांची आई म्हणवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्या मते सगळा दोष लिहिणारीचा होता, टॉवेल हातात दिलाच का. त्यांच्याशी भांडायला एक वकीलबाई आल्या. त्या सुरुवातीपासून घटस्फोटाच्या बाजूने होत्या आणि फी घेणार नव्हत्या. ज्यांना आयुष्यात कधी बघितलं नाही, अशा माणसांची संध्याकाळी दावेबाईंच्या दोन खोल्यांत गर्दी होऊ लागली. त्या चहा गार होईपर्यंत वाचत बसत आणि मग गार चहा पिऊन परत पहिल्यापासून वाचत.

आणि मग व्हायचं तेच झालं. एके दिवशी कॅशियरबाई डब्याच्या टेबलाशी फोन उंच धरून आल्या आणि म्हणाल्या, "ऐका गं, मला एक रत्न सापडलंय." त्यांनी 'आमच्याकडचे' मोठ्याने वाचायला घेतलं. टायपिस्ट हसता हसता ठसकली. दावेबाईंचा घास तोंडातल्या तोंडात राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलावर त्यांचा नवरा वाढला जात होता आणि सगळ्या मिटक्या मारत होत्या.

"ही बाई साधी आहे," कॅशियरबाई म्हणाल्या. "तिला तिचा नवरा कळलेलाच नाही. तो टॉवेल मुद्दाम टाकतो."

"मुद्दाम नसेल," दावेबाई म्हणाल्या. "विसरत असेल. स्वभावाने गरीब वाटतात."

"अगं, गरीब वाटतात तेच मुद्दाम करतात. तू जेव बघू. हे संसारातलं आहे."

दावेबाई जेवल्या. स्वतःच्या नवऱ्याबद्दल आपल्याला काडीचं कळत नाही, हे भर टेबलावर ऐकून घेणं सोपं नाही. पण त्यांचा मान असा दुखावला, की संध्याकाळी त्यांनी नवरा सुधारायला घेतला. दाखवतेच म्हणाल्या, किती गरीब आहेत ते. 'आज मला सर्दी झाली म्हणून ह्यांनी स्वतः उठून चहा केला, वर लिंबू पिळून दिलं,' असं लिहून त्या समाधानाने झोपल्या.

आता झालं होतं असं, की त्याच दुपारी वकीलबाईंनी खाली लिहून ठेवलं होतं, 'ताई, तुम्ही दडपणाखाली आहात असं वाटतं. नवरा शेजारी बसून वाचत असेल तर उघड बोलू नका. पुढच्या मजकुरात कुठेतरी लिंबू हा शब्द घाला, आम्ही समजून घेऊ.' दावेबाईंनी हे वाचलं ते लिंबू पिळून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर महाराष्ट्र असो की अमेरिका, जिथे जिथे म्हणून वाचणारे होते तिथे तिथे एकच कल्लोळ उसळला होता. प्लंबरने हत्यारं घेऊन निघायची तयारी दाखवली होती. चार मुलग्यांच्या आईनेही आपलं म्हणणं मागे घेतलं होतं. वकीलबाई स्वतः पोलिसांत जाऊन आल्या होत्या आणि तिथे त्यांना पत्त्याशिवाय तक्रार नोंदवता येत नाही असं सांगण्यात आलं होतं. पत्ता माहीत असता तर मी थेट तिथेच गेले असते, असं वकीलबाई म्हणाल्या. मग तक्रार कशाला हवी, असं पोलीस म्हणाले. शेवटी दावेबाईंना बसस्टॉपवर उभं राहून खुलासा लिहावा लागला, की लिंबू हे लिंबूच होतं, घरातलं होतं आणि पिवळं होतं. त्यावर लोकांनी अर्धाच विश्वास ठेवला.

हे निस्तरतंय तोवर साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. साहेबांनी दार लावायची रीत नव्हती. दावेबाईंना वाटलं कुठल्या फाइलमध्ये चूक निघाली. साहेबांनी टेबलावर फोन ठेवला. पडद्यावर 'आमच्याकडचे' होते.

"दावेबाई, घरचं सांगतोय. तुम्ही कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, म्हणून तुम्हाला." साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे माझी बायको लिहिते."

दावेबाईंनी खुर्चीचा दांडा धरला. "कशावरून, साहेब?"

"सगळं माझं आहे. चष्मा, चहा, शिंक. ओला टॉवेल मी टाकत नाही, पण तो तिने लोकांना कळू नये म्हणून घातला असणार. बावीस वर्षं झाली लग्नाला, तोंडाने कधी एक शब्द बोलली नाही ती. आणि इथे परक्यांना सांगते, की मी बघू म्हणतो तेव्हा तिला किती एकटं वाटतं."

ते वाक्य दावेबाईंनी लिहिलं होतं खरं. त्यांच्या रजेच्या अर्जावर साहेब "बघू" म्हणाले, त्या दिवशी लिहिलं होतं.

"साहेब, असे पुष्कळ असतात हो."

"बिनसाखरेचा चहा ढवळणारे?" साहेब म्हणाले आणि टेबलभर चष्मा शोधू लागले.

इथे सरळ सांगून टाकायचं, की साहेब, ते मी लिहिते. कुणीही म्हणेल. पण ते सांगायचं तर त्यापाठोपाठ सांगावं लागलं असतं, की मी गेलं वर्षभर तुम्हाला काचेतून बघते आणि घरी जाऊन तुम्हाला चहा देते. आणि माझ्या घरी कुणी नाही. हे दुसरं सगळ्या कचेरीला ठाऊकच होतं, पण ते स्वतःच्या तोंडाने म्हणायची वेळ दावेबाईंवर अजून आली नव्हती आणि येऊ नये एवढंच त्यांना वाटत होतं. "मी बघते," म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

संध्याकाळी त्यांनी 'आमच्याकडचे' यांना मिशी लावली. चांगली झुपकेदार. साहेबांचा चेहरा तुळतुळीत, तेव्हा संशयच नको. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुन्हा दार लावलं. "वाचलंत? मला मिशी लावली तिने. लोक मला ओळखतील म्हणून झाकतेय. म्हणजे अजून जपते हो मला." साहेबांचे डोळे भरून आले होते. दावेबाईंनी मग उंची वाढवली, तर साहेब म्हणाले, लग्नात मी टाचेचे बूट घातले होते, ते लक्षात ठेवलंय तिने. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी नवऱ्याला तरुणपणी पोहायच्या स्पर्धा जिंकायला लावल्या. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "कॉलेजात मी पोहायचो, दावेबाई. हे फक्त तिलाच माहीत आहे."

लिहिणं थांबवून बघितलं, तर त्याचाही उपयोग झाला नाही. साहेब म्हणाले, मी हल्ली घरी लवकर जातो, म्हणून तिला लिहायला निवांतपणा मिळत नाही. आणि तिकडे वाचकांना लिंबू आठवू लागलं. वकीलबाईंनी वर्तमानपत्रात जाहिरात देण्याची भाषा सुरू केली.

मग एका सोमवारी साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. बदलीचा अर्ज होता. पार टोकाच्या शाखेत, जिथे शिक्षा म्हणून माणसं पाठवतात, तिथे स्वखुशीने बदली मागितली होती.

"तिला मोकळं करतो. तिकडे एकटाच राहीन."

"साहेब, पण तुम्ही बाईसाहेबांना एकदा विचारलंत का?"

"असं कसं विचारणार? विचारलं आणि ती हो म्हणाली तर?" साहेबांनी अर्ज पुन्हा स्वतःकडे ओढून घेतला. "संध्याकाळपर्यंत वर पाठवतो म्हणालो होतो. पण राहू दे, उद्या पाठवू."

दावेबाई जागेवर येऊन बसल्या. उद्यापर्यंत एक संसार वाचवायचा होता आणि त्याला एकच वाट होती. साहेब जिवंत असल्याचा पुरावा रोज हजेरीत लागत होता. तेव्हा 'आमच्याकडचे' मेले, की साहेब सुटले. मेलेला माणूस काही दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बसून चहा ढवळत नाही. एवढं साधं. कुणालाही मारणं दावेबाईंना जड जाऊ नये, सगळी नोकरी त्यातच गेली होती.

पण तिथेच घोडं अडलं. दुसरी एखादी असती तर तिने एका ओळीत नवरा मारून टाकला असता. दावेबाईंना कागदपत्रं दिसू लागली. अपघात म्हणावा तर पंचनामा आला, पोलिसांचा अहवाल आला, आणि वकीलबाई त्याची प्रत मागितल्याशिवाय राहणार नाहीत. हृदयविकार म्हणावा, तर आधी कुणाकडे उपचार चालू होते? घोरण्यावाले डॉक्टर बिचारे स्वतःला दोष देत बसतील. बेपत्ता करावं, तर सात वर्षं तो कायद्याने मेलाच नसता. शिवाय आधीपासूनचा आजार लपवला असं कुणी म्हटलं तर सगळा दावाच फेटाळला जातो. फॉर्म भरताना खुडबुडावं तशा त्या संध्याकाळी खुडबुडत बसल्या. शेवटी साधा ताप ठरला, दवाखाना ठरला. तापाने आणखी बिघडायचं आणि जायचं. कागद चोख राहतात.

त्यांनी ताप चढवला. दवाखान्यात नेलं. आणि आता शेवटची ओळ लिहायची, तर हात चालेना. दावेबाईंना स्वतःचा राग आला. खिडकीशी बसून हजारोंना त्यांनी मेल्याची पावती दिली होती आणि जो जन्मालाच आला नाही त्याच्यापाशी त्या अडून बसल्या होत्या. पण तो गेला, की उद्या संध्याकाळी चहा करून कुणाबद्दल लिहायचं? ती सगळी माणसं, ते डॉक्टर, तो प्लंबर, भांडणारी वकीलबाई, ती येत होती नवऱ्याकडे. बायकोकडे कुणी येत नव्हतं. दावेबाईंनी मग त्यांना जरा बरं वाटायला लावलं. लिहिलं, की दुपारी त्यांनी डोळे उघडले, चहा मागितला आणि रिकाम्या कपात चमचा ढवळत बसले. हे वाचून त्यांनाच हसू आलं. मग त्यांना साहेबांचा अर्ज आठवला.

'आमच्याकडचे आज गेले,' असं लिहिलं आणि सवयीने खाली लिहून गेल्या, 'मृत्यूचा दाखला मिळाला आहे.' त्या एका ओळीने वकीलबाईंचा सगळा संशय फिटला. एवढं चोख लिहिणारी बाई खोटं सांगत नसते, असं त्यांनी इतरांना समजावलं.

लोक लोटले. वकीलबाईंनी सगळे शब्द परत घेतले. प्लंबरने लिहिलं, ती खुंटी ठोकली होतीत ना, आता टॉवेल तिच्यावरच राहू द्या. चार मुलग्यांच्या आईने लिहिलं, 'बाळ, जेवून घे.' दावेबाईंना त्यांच्या आईनंतर असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी जेवायला घेतलं. ज्या घरात दुसरं कुणी राहतच नव्हतं त्या घरातून कुणीतरी गेलं होतं आणि ते घर आता आधीपेक्षा रिकामं झालं होतं. त्यांना आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. आधीचं एकटेपण सवयीचं होतं, हे नवीन होतं.

सकाळी साहेबांनी दार लावलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "दावेबाई, तो गेला हो. वाचलंत?" आणि बदलीच्या अर्जाचे तुकडे टोपलीत टाकले. "रात्रीच बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, मला वाटायचं तूच लिहितेस. तर हसत सुटली. म्हणाली, तुमच्याबद्दल एवढं लिहायला आहे तरी काय?" साहेब स्वतःही हसले. मग खुर्चीत बसून चष्मा पुसत राहिले. "सुटलो मी. पण खरं सांगू? थोडं वाईट वाटतंय. कुणीतरी आपल्याकडे इतकं लक्ष देऊन बघतंय, या समजुतीत बरे दिवस गेले. नशीबवान माणूस असणार तो."

दावेबाईंनी हातातली फाइल पुढे केली. "साहेब, या फाइलवर सही राहिली आहे," एवढंच त्या म्हणाल्या. साहेबांनी सही केली.

दुपारी डब्याच्या टेबलाशी कुणी डबाच उघडला नाही. कॅशियरबाईंनी शेवटचा मजकूर वाचून दाखवला आणि रिकाम्या कपातल्या चमच्याशी येऊन त्या थांबल्या. टायपिस्ट म्हणाली, आज घरी गेल्यावर नवऱ्याला काहीही बोलणार नाही. कॅशियरबाई म्हणाल्या, त्या बाईचा पत्ता कळला असता तर आपण सगळ्या जाऊन भेटलो असतो, असं एकटं नाही सोडायचं कुणाला. आणि एवढ्यात दावेबाईंना रडू कोसळलं. हुंदका द्यायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे तो भलताच मोठा आला. सगळ्या त्यांच्याकडे बघू लागल्या.

"अगं, असं काय?" कॅशियरबाईंनी मायेने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "तू कशाला रडतेस वेडे? तुझं कोण गेलंय?"

दावेबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "काही नाही. डोळ्यात गेलं काहीतरी." तोंड धुऊन खिडकीवर जाऊन बसल्या.

खिडकीत पहिलीच एक बाई उभी होती. वयाने दावेबाईंएवढीच, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. मागायच्या आतच तिने दाखला पुढे केला, ओळखीचा पुरावा केला, नात्याचा कागद केला. या बायकांना इथवर येईस्तोवर सगळं पाठ झालेलं असतं. दावेबाईंनी कागद बघितले. सगळे चोख होते. त्यांनी शिक्का उचलला आणि तो तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, "कसे होते हो?"

बाईला प्रश्न कळला नाही. तिने पिशवीत पाहिलं, असा कुठला कागद राहिला का म्हणून.

"तसं नाही. माणूस म्हणून. कसे होते?"

बाईने एकदा वळून पाहिलं. मागे रांग होती. "हट्टी होते," ती हळूच म्हणाली. "कुलूप लावलं की पुन्हा पुन्हा ओढून बघायचे. जिना उतरून गेलो तरी परत वर जायचे. मला इतका राग यायचा त्याचा." ती थांबली. "आता मीच ओढून बघते."

"आमचेही ओढायचे," दावेबाई म्हणाल्या. ब्लॉगवर त्यांनी हे कधी लिहिलं नव्हतं.

बाईने वर बघितलं. "तुमचेही गेले?"

"हो."

"कधी?"

"काल."

"आणि तुम्ही आज कामावर आलात?"

"रजा मिळत नाही," दावेबाई म्हणाल्या.

बाईने पिशवी खाली ठेवली आणि खिडकीतून हात आत घालून दावेबाईंचा हात धरला. शिक्का अजून त्याच हातात होता. मागे कुणीतरी घड्याळ बघितलं आणि रांग पुढे का सरकत नाही म्हणून विचारलं. दोघींनीही हात सोडला नाही.